घरची भट्टी आणि हौशी लोहारकाम

छंद म्हटला की गाणे, बागकाम, पोस्टाची तिकिटे अशी ठरावीक नावे चटकन आठवतात. फावल्या वेळात लोखंड तापवून ठोकणे हाही छंद होऊ शकतो असे म्हटले, तर पुष्कळांच्या भुवया वर जातील. लोहारकाम हे जातीने नेमून दिलेले, हात काळे करणारे काम, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळली आहे. ती किती पोकळ आहे हे ध्यानात यावे आणि ज्यांना हौस आहे त्यांना सुरुवात कशी करावी हे कळावे, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

सावनेरकरांना तर ह्या विद्येचे वावडे असण्याचे कारणच नाही. आपल्याच जिल्ह्यात, पारशिवनी तालुक्यात, नैकुंड हे गाव आहे. तेथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात उत्खनन केले. त्यात लोखंड गाळण्याची मातीच्या विटांची छोटी भट्टी, भात्याचा वारा आत नेणाऱ्या नळ्यांचे अवशेष आणि लोहमळ सापडला. तिचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे सातवे शतक. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिलावर्तुळांतही लोखंडी कुऱ्हाडी आणि छिन्न्या मिळाल्या आहेत. म्हणजे ह्या मातीला लोखंडाची ओळख अडीच हजार वर्षांहून जुनी आहे.

आता साहित्य पाहू. भट्टी, भाता, ऐरण, हातोडा आणि सांडशी, एवढ्यावर काम सुरू होते. जाड पत्र्याच्या घमेल्याला आतून मातीचा लेप द्यावा, बुडाशी लोखंडी नळी बसवावी आणि तिला हाताने फिरवायचा पंखा जोडावा, झाली भट्टी. ऐरणीच्या जागी रुळाचा तुकडा उत्तम चालतो. मीटरला ५२ किलो वजनाचा रूळ असेल तर अर्ध्या मीटरचे २६ किलो भरतात. मात्र रूळ ही रेल्वेची मालमत्ता. ती बेकायदा बाळगणे १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून भंगारवाल्याकडून पावतीशिवाय घेऊ नये.

सावनेरला कोळशाच्या खाणी आहेत, मग जळणाची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडचा कोळसा वीजघराच्या कामाचा. भट्टीचा कोळसा तापल्यावर एकमेकांना चिकटून उष्णता कोंडून धरणारा लागतो. तो गुण ह्यात नाही, शिवाय धूर फार. घरच्या भट्टीला लाकडी कोळसाच बरा.

लोखंडाचा रंग हाच त्याचा तापमापक. अंधुक लाल म्हणजे सुमारे ७०० अंश सेल्सियस, नारिंगी म्हणजे साडेनऊशेच्या आसपास, पिवळा म्हणजे अकराशे. नारिंगी-पिवळ्यावर ठोकावे, लाली मावळू लागली की थांबून पुन्हा भट्टीत घालावे. थंड लोखंडावर जोर करणाऱ्याचा हात दुखतो आणि लोखंडाला चीर पडते. पांढरे होऊन ठिणग्या उडू लागल्या, तर ते जळू लागले असे समजावे. रंग नीट दिसावा म्हणून भट्टी सावलीत हवी; आपल्याकडच्या उन्हाळ्यात पहाटेची वेळ सर्वांत सोयीची.

पहिले काम साध्या सळईचा आकडा. टोक निमुळते करणे, वाकवणे, पीळ देणे हे तिन्ही धडे त्यात येतात. साध्या सळईत कार्बन पाव टक्क्याहूनही कमी असतो. तिला पाणी देऊन धार टिकत नाही. विळा किंवा खुरपे करायचे तर मोटारीचा जुना कमानपाटा घ्यावा. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर असतो. बीडाचा तुकडा मात्र घेऊ नये, तो घावाखाली फुटतो.

पाणी देण्याची खूण अशी: पाते तापवताना त्याला लोहचुंबक लावून पाहावे. सुमारे ७७० अंशांवर ते चुंबकाला धरत नाही. त्याहून थोडे अधिक तापवून तेलात बुडवावे. पाण्यात हा पाटा तडकण्याची भीती असते. आता पाते कठीण झाले, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून ते घासून चकचकीत करावे आणि हळूहळू पुन्हा तापवावे. २३० अंशांच्या सुमारास गवती पिवळा रंग चढतो, पुढे तपकिरी, तीनशेला निळा. विळ्याला तपकिरीवर थांबावे.

पथ्येही तितकीच महत्त्वाची. भट्टी बंद खोलीत कधीही पेटवू नये. जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि तो जीव घेतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा नळी भट्टीत घालू नये, त्याच्या धुराने ताप भरतो. डोळ्यांवर चष्मा, अंगात सुती कपडे, जवळ पाण्याची बादली असावी. आणि शेजाऱ्यांची झोप हीही एक मर्यादा आहे.

पण हे सारे लिहून येत नाही. ते पाहून येते. त्यासाठी गावच्या लोहाराकडेच जावे लागेल. त्याला आपल्या भागात खातीही म्हणतात. मृगाच्या तोंडावर जाऊ नये. जेथे बैलजोडी टिकून आहे तेथे तेव्हा फाळ आणि वखराच्या पाशी घेऊन शेतकरी त्याच्या दारी बसलेले असतात. एरवी जावे, नम्रपणे विचारावे, आणि शिकवण्याचा मोबदला द्यावा. हौशी माणसाचा विळा बिघडला तर त्याचा रविवार वाया जातो. लोहाराचा बिघडला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. हा फरक विसरून आपण त्याच्या कामाला खेळ समजू लागलो, तर जुन्या तुच्छतेत नव्या तुच्छतेची भर पडेल. कित्येक घरी घण मारणारी त्याची बायको असते, आणि तिच्या कसबाची मोजदाद कोणीच करत नाही, हेही तेथे बसल्यावर दिसते.

कारखान्याच्या मालामुळे हा धंदा आटत चालला आहे. लोहाराची मुले दुसरी कामे धरतात, त्यांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. परंतु रंगावरून ताप ओळखणारी नजर एका माणसाबरोबर संपू नये, असे वाटत असेल, तर चार शिक्षकांनी, कारकुनांनी, शेतकऱ्यांनी हातोडा हाती घेतला पाहिजे. एक आकडा स्वतः घडवून पाहिलेला मनुष्य लोहाराशी विळ्याच्या किमतीवरून घासाघीस करताना थोडा थबकेल. आमच्या मते ह्या छंदाची एवढी कमाई पुष्कळ झाली.