यहुदी पोथ्यांतील ईश्वरनाम

हिब्रू लेख आमच्या संग्राहकांच्या हातीं क्वचित् येतात. तथापि कोंकणांतील एखाद्या बेने इस्रायल घराण्यांतून जुनें विवाहपत्र किंवा प्रार्थनेची पोथी उपलब्ध झाली, तर तींतील ईश्वरनाम ओळखतां येणें अगत्याचें आहे. नाहीं तर वाचनांत व कालनिर्णयांतही घोटाळा होतो.

हें नाम योद्, हे, वाव्, हे या चार अक्षरांचें. तें लिहावें, पण उच्चारूं नये. त्या ठिकाणीं 'अदोनाय' म्हणजे 'माझे प्रभु' असें वाचावें, असा जुना दंडक आहे. पुढें पोथ्यांत स्वरचिन्हें घालूं लागल्यावर बदली शब्दाचीं चिन्हें या चार अक्षरांस जोडण्याची चाल पडली. हें मर्म न कळून ख्रिस्ती पंडितांनीं दोन्ही एकत्र वाचलीं व 'यहोवा' हें रूप निपजलें.

लेखकांच्या खुणाही नाना प्रकारच्या. १९४७ मध्यें मृतसमुद्राकांठीं सांपडलेल्या हबक्कूकावरील भाष्यांत सर्व मजकूर चौकोनी वळणाचा, पण हें नाम तेवढें पुरातन हिब्रू अक्षरांत आहे. त्याच गुहेंतील एका नियमग्रंथांत त्याच्या जागीं नुसतीं चार टिंबें आहेत. ग्रीक भाषांतराच्या कित्येक प्रतींत हिब्रू अक्षरें तशींच ठेविलीं होतीं; अजाण वाचक तीं ग्रीक समजून 'पिपि' असें वाचीत, असें जेरोमनें लिहून ठेविलें आहे. मोडी वाचणारांस या प्रकाराचें नवल वाटूं नये! अर्वाचीन प्रार्थनापुस्तकांत बहुधा दोन योद् आढळतात.

कालगणनेचा मुद्दा विशेष ध्यानांत ठेवावा. हिब्रूंत अक्षरेंच अंक होत. १५ हा अंक १० व ५ असा मांडल्यास योद्-हे हा नामाचाच अंश होतो. म्हणून तो ९ व ६ असा, आणि १६ हा ९ व ७ असा लिहितात. समाप्तिलेखांत असें दिसल्यास तो लेखकाचा प्रमाद मानूं नये.

एकदां लिहिलेलें नाम खोडण्यास मनाई आहे. त्यामुळें जीर्ण कागद 'गेनिझा' नांवाच्या कोठडींत टाकीत. जुन्या कैरोंतील बेन एझ्रा प्रार्थनामंदिराच्या अशाच कोठडींतून १८९६-९७ सालीं शेख्टर यांनीं फार मोठा संग्रह केंब्रिजला नेला. तींत धर्मग्रंथांबरोबर हिशेब व खासगी पत्रेंही पडलीं होतीं. बाराव्या शतकांत मंगळुरास व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजूचा पत्रव्यवहार त्यांतच मिळाला. हिब्रू अक्षरांचा फाटका तुकडाही रद्दींत घालण्यापूर्वीं संग्राहकांनीं तो जाणत्यास दाखवावा, एवढीच आमची विनंती आहे.