चौथा डॉक्टर मेणाचा

१९८३ साली बीबीसीने वृत्तपत्रांसाठी एक छायाचित्र काढून घेतले. ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेला वीस वर्षे पूर्ण होत होती आणि त्यानिमित्ताने ‘द फाइव्ह डॉक्टर्स’ हा दीड तासाचा विशेष भाग तयार झाला होता. छायाचित्रात पाच डॉक्टर ओळीने उभे आहेत. त्यातला चौथा हाडामांसाचा नाही. ही भूमिका सर्वांत जास्त काळ केलेल्या टॉम बेकर यांनी विशेष भागात यायला नकार दिला होता. त्यामुळे लंडनच्या मादाम तुसाँ संग्रहालयातला त्यांचा मेणाचा पुतळा आणून इतरांच्या शेजारी उभा केला गेला. त्याच ओळीतला पहिला डॉक्टरही मूळचा नव्हे. विल्यम हार्टनेल १९७५ मध्येच वारले होते. त्यांच्या जागी रिचर्ड हर्नडॉल होते. म्हणजे पाचांपैकी आपापल्या जागी खरेखुरे उभे होते ते तिघेच.

या मालिकेच्या वर्धापनदिनी भागांच्या पडद्यामागच्या हकिकती वाचत गेले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. त्या भागांना आकार दिला तो जे आले त्यांच्याइतकाच, किंबहुना अधिक, जे आले नाहीत त्यांनी.

मालिकेची ओळख थोडक्यात करून द्यायला हवी, कारण मराठवाड्यातल्या बहुतेक घरांपर्यंत ती कधी पोहोचली नाही. ‘डॉक्टर’ म्हणवणारा एक परग्रहवासी निळ्या रंगाच्या लाकडी पोलीस-खोक्यात बसून काळात आणि अवकाशात हिंडतो. खोके बाहेरून जेमतेम दोन माणसांपुरते, आत मात्र अफाट. मालिका १९६३ ते १९८९ अशी सलग चालली आणि २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. नट थकला किंवा सोडून गेला की डॉक्टर मरणाच्या दारात पोहोचतो आणि नव्या चेहऱ्याने उठतो. मराठी प्रेक्षकाला भूमिका एका नटाकडून दुसऱ्याकडे जाणे नवे नाही. ‘नटसम्राट’मधले बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंकडून दत्ता भट, सतीश दुभाषी यांच्याकडे गेले आणि प्रत्येकाचे बेलवलकर आपण वेगळे जोखले. पण नाटकात बदल झालेलाच नाही असे दोन्ही बाजूंनी धरून चालायचे असते. ‘डॉक्टर हू’ने तो बदल गोष्टीतच घेतला. १९६६ मध्ये हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा मालिका बंद करण्याऐवजी ही तोड निघाली.

मालिकेच्या पहिल्या भागाचा दिग्दर्शक मुंबईत वाढलेला होता.

वारिस हुसेन यांचा जन्म ९ डिसेंबर १९३८ रोजी लखनौला झाला. बालपणाची वर्षे मुंबईत गेली आणि १९४६ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेले. आई अतिया हुसेन कादंबरीकार होत्या आणि बीबीसीच्या पूर्व विभागासाठी कार्यक्रम करत. वारिस केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकले आणि तिथून बीबीसीत आले. १९६३ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांच्या हाती शनिवार संध्याकाळची ही नवी मालिका आली. पहिल्याच कथेत अश्मयुगीन माणसे अग्नीसाठी भांडतात. गंभीर नाटक करू पाहणाऱ्या तरुणाला कातडी पांघरलेल्या टोळीचे चित्रण करायचे होते! निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि बीबीसीच्या नाट्यविभागात निर्माती म्हणून त्या एकट्याच स्त्री. नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन कॅनडातून आलेले. संस्थेच्या मुरलेल्या वर्तुळाबाहेरच्या या तिघांवर ही मालिका उभी राहिली, याचे श्रेय त्यांना पुष्कळ उशिरा मिळाले.

साधने तुटपुंजी होती. लंडनच्या लाइम ग्रोव्हमधला ‘डी’ स्टुडिओ अरुंद आणि जुनाट. दिव्यांच्या उष्णतेने छतातले आग विझवण्याचे फवारे आपोआप सुरू होतील अशी धास्ती असे. २७ सप्टेंबर १९६३ रोजी पहिला भाग मुद्रित झाला. यानाची दारे धड मिटेनात, ती आपटल्याचे आवाज संवादांत मिसळले आणि डॉक्टर फारच तुसडा वाटला. न्यूमन यांनी तो भाग नाकारला, पण त्याच मंडळींना पुन्हा संधी दिली. १८ ऑक्टोबरला सगळे नव्याने चित्रित झाले. तो नाकारलेला भाग प्रेक्षकांना दिसायला १९९१ साल उजाडले.

प्रक्षेपण ठरले २३ नोव्हेंबर १९६३ला. आदल्या दिवशी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. संध्याकाळी सव्वापाच वाजून मिनिटभराने, ठरल्या वेळेपेक्षा किंचित उशिरा, मालिका सुरू झाली तेव्हा लोकांचे लक्ष बातम्यांत होते. त्यात काही भागांत वीज गेलेली. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवला गेला.

शीर्षकसंगीताची हकिकत तर स्वतंत्र लेखाचा ऐवज आहे. स्वररचना रॉन ग्रेनर यांची. पण जे ऐकू येते ते घडवले बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या डेलिया डर्बिशायर यांनी. सिंथेसायझर हाताशी नव्हता. डर्बिशायर आणि त्यांचे साहाय्यक डिक मिल्स यांनी एकेक स्वर वेगळा ध्वनिमुद्रित केला, फितीचे तुकडे कापून जोडले, वेग बदलून उंची साधली. यान निघतानाचा घरघराट ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या तारांवरून घराची किल्ली खरडून मिळवला. शीर्षकात दिसणारे धुराचे लोट म्हणजे कॅमेरा स्वतःच्याच पडद्यावर रोखल्यावर उमटणारी प्रतिमा. ग्रेनर यांना डर्बिशायरचे नाव सहरचनाकार म्हणून लागावे असे वाटत होते, पण संस्थेच्या नियमात ते बसेना.

दहाव्या वर्षाचा भाग ‘द थ्री डॉक्टर्स’ ३० डिसेंबर १९७२ला सुरू झाला. तिन्ही डॉक्टर एकत्र झुंजतील अशी कल्पना होती. हार्टनेल यांनी होकारही दिला. नंतर त्यांच्या पत्नीने निर्माते बॅरी लेट्स यांना कळवले की त्यांना धावपळ सोडाच, संवाद पाठ करणेही झेपणार नाही. कथा बदलली. पहिला डॉक्टर काळाच्या भोवऱ्यात अडकला आहे आणि यानातल्या पडद्यावरूनच बोलू शकतो, अशी योजना झाली. हार्टनेल खुर्चीत बसून, समोरच्या फलकांवरची वाक्ये वाचत बोलले. आज तो भाग पाहताना पडद्यावरचा तो खंगलेला पण करारी चेहराच लक्षात राहतो. आजाराची अडचण गोष्टीला इतकी लाभलेली उदाहरणे थोडी असतील.

१९८३ला टॉम बेकर यांची जागा पुतळ्याने फक्त छायाचित्रात भरली. प्रत्यक्ष भागात कामी आले एक फसलेले चित्रीकरण. १९७९ मध्ये डग्लस ॲडम्स यांनी लिहिलेली ‘शादा’ ही कथा बीबीसीतल्या संपामुळे अर्धवट राहिली होती. त्यात केंब्रिजच्या नदीवर बेकर आणि लाला वॉर्ड होडीतून फिरतात. तो तुकडा उचलला आणि चौथ्या डॉक्टरला प्रवासातच अडकवून ठेवले. पटकथाकार टेरेन्स डिक्स यांच्यापुढे नटांच्या होकार-नकारांची यादी सतत बदलत होती, तरी भाग सलग वाटतो.

पन्नासाव्या वर्षी पेच सर्वांत मोठा होता. २०१३ मध्ये लेखक-निर्माते स्टीव्हन मोफॅट यांच्याकडे एक वेळ अशी आली की करारबद्ध कलाकार म्हणून एकट्या जेना कोलमन उरल्या होत्या. २००५ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा डॉक्टर झालेले क्रिस्टोफर एकल्स्टन यांनी भेटीअंती नकार दिला. त्यांच्या जागेसाठी मोफॅट यांनी आजवर कोणी न पाहिलेला डॉक्टर कल्पिला: युद्धात लढलेला आणि म्हणून स्वतःचे नाव टाकून दिलेला. ही भूमिका जॉन हर्ट यांनी केली. एका नकारातून मालिकेच्या पन्नास वर्षांच्या इतिहासातच नवे पान घुसले, आणि त्या भागाचा भावनिक कणा हर्ट यांचाच ठरला. एकल्स्टन आले असते तर कदाचित अधिक नीटनेटका भाग झाला असता. इतका खोल झाला नसता.

‘द डे ऑफ द डॉक्टर’ २३ नोव्हेंबर २०१३ रोजी ९४ देशांत एकाच वेळी दाखवला गेला आणि गिनीज विक्रमात नोंदला गेला. ट्रॅफल्गार चौकात क्रेनला लटकवलेल्या निळ्या खोक्यातून तेव्हाचे डॉक्टर मॅट स्मिथ खरोखर लोंबकळले होते. सुरुवातीला १९६३चे कृष्णधवल शीर्षक येते, मग गस्तीवरचा पोलीस, मग शाळेची पाटी; पाटीवर नियामक मंडळाचा अध्यक्ष म्हणून पहिल्या भागातल्या शिक्षकाचे, चेस्टरटनचे, नाव. शेवटी सगळे डॉक्टर एकत्र येतात तेव्हा दिवंगत नटांची जुनी दृश्ये वापरली आहेत आणि हार्टनेल यांचा आवाज जॉन गिलर यांनी दिला आहे. आणि १९८३ला नकार देणारे टॉम बेकर इथे, ऐंशीच्या उंबरठ्यावर, अनपेक्षित समोर येतात. श्रेयनामावलीत प्रथमच डेलिया डर्बिशायर यांचे नाव झळकले. त्या २००१ मध्येच वारल्या होत्या.

अंबाजोगाईच्या दूरदर्शन केंद्राच्या प्रक्षेपणावर वाढलेल्या बीडकरांच्या पिढीला विज्ञानकथा भेटली ती वेगळ्या नावांनी. दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात ‘स्टार ट्रेक’ लागे. १९८९ची ‘इंद्रधनुष’ मुलांची काळप्रवासाची मालिका. तीत गिरीश कर्नाड होते, आणि उर्मिला मातोंडकर, आशुतोष गोवारीकरही. १९९८ मध्ये केतन मेहता यांच्या ‘कॅप्टन व्योम’मध्ये मिलिंद सोमण अंतराळवीर झाले. या मालिकांचे सेट कोणी बांधले, आवाज कशातून काढले, कोण ऐनवेळी आले नाही, हे विचारायला माणसे अजून आहेत. ‘डॉक्टर हू’च्या बाबतीत हे काम चाहत्यांनी आणि अभ्यासकांनी दशकानुदशके चिकाटीने केले, म्हणून या लेखातला प्रत्येक तपशील हाती लागतो.

कारण बीबीसीने स्वतः फारसे जपले नव्हते. चित्रफिती महाग, म्हणून जुने कार्यक्रम पुसून त्यांवर नवे चित्रित होत. डॉ. जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी जॉन एलियट यांच्यासह लिहिलेल्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’ या १९६१च्या सात भागांच्या मालिकेतला अखंड असा एकच भाग उरला आहे. नारळीकर आणि वारिस हुसेन दोघेही १९३८चे, आणि पन्नासच्या दशकाच्या अखेरीस दोघेही केंब्रिजला. एकाच्या गुरूची मालिका आणि दुसऱ्याचे काम, दोन्ही त्याच पुसण्यात सापडले. ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग नाहीसे झाले. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरात त्यांतले नऊ सापडले.

हुसेन यांची १९६४ची ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा मात्र पूर्णच हरवली. ध्वनी उरला आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो टिपून ठेवला होता. चित्राचा माग मिळाला तो खुद्द हुसेन यांच्या संग्रहात. त्या काळी जॉन क्युरा नावाचे छायाचित्रकार प्रक्षेपण चालू असताना दूरचित्रवाणीच्या पडद्याचे फोटो काढून दिग्दर्शकांना आणि नटांना विकत. हुसेन यांनी आपल्या भागांचे असे संच सांभाळून ठेवले होते. त्यांवरून अर्ध्या तासाची संक्षिप्त आवृत्ती तयार झाली आणि २००६च्या डीव्हीडी संचात आली. संग्रहात सातपैकी सहाच भागांचे फोटो होते. चौथा भाग जॉन क्रॉकेट यांनी दिग्दर्शित केला होता, म्हणून त्याचे फोटो हुसेन यांच्याकडे आलेच नव्हते.