कुरेनेकर शिमोनाची वेठ

उपवासकाळातील शुक्रवारी ठाणे, कल्याण अथवा डोंबिवलीच्या कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये सायंकाळी पाऊल टाकले, तर भिंतीलगतच्या चौदा चित्रांपुढून क्रमाने सरकणारी, प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकणारी मंडळी दिसतात. ‘क्रुसाची वाट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपासनेचा प्रसार मुख्यत्वे फ्रान्सिस्कन पंथीयांनी केला आणि तिची चौदा स्थाने पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ साली कायम केली. यांपैकी दुसऱ्या स्थानी येशू क्रूस खांद्यावर घेतो आणि पाचव्या स्थानी तोच क्रूस कुरेनेकर शिमोन नावाच्या परक्या माणसाच्या खांद्यावर येतो. पाहणाऱ्यास यात विसंगत काहीच वाटत नाही. परंतु ही दोन चित्रे दोन वेगळ्या कथनांतून आलेली आहेत, आणि ज्या शुभवर्तमानात पहिले आहे त्यात दुसरे नाही.

मार्क, मत्तय आणि लूक या तिघांच्या मते वधस्थानाकडे निघालेल्या शिपायांनी वाटेत शिमोनास धरले व क्रूस त्याच्याकडून वाहविला. योहान मात्र येशू स्वतःचा क्रूस स्वतःच वाहत बाहेर पडला एवढेच सांगतो, आणि शिमोनाचे नावही काढीत नाही. तिघांच्या सांगण्यातही बारीक भेद आहेत. हा माणूस शेताकडून येत होता, हे मार्क व लूक नोंदवितात, मत्तय ते गाळतो. शिमोन येशूच्या मागून चालत होता, ही भर एकट्या लूकची. आणि तो आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप, हे एकटा मार्क सांगतो. येशू फटक्यांनी इतका क्षीण झाला होता की त्याला क्रूस पेलवेना, हे जे कारण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो, ते चौघांपैकी कोणीही दिलेले नाही.

रोमी शिरस्ता पाहिला तर योहानाचे कथन अधिक सरळ ठरते, कारण देहान्ताची शिक्षा झालेल्याने आपला क्रूस आपणच वाहावा, अशी रीत प्लुटार्कने नमूद केली आहे. मग शिमोन कोठून आला? तो वेठीतून आला. सरकारी कामासाठी रयतेचे जनावर, गाडी अथवा अंग वाटेल तेथे अडकवून घेण्याचा अधिकार रोमी अंमलदार व शिपाई सर्रास गाजवीत. त्याला आळा घालण्यासाठी तिबेरियस बादशहाच्या, म्हणजे येशूच्याच काळात पिसिदिया प्रांतात काढलेले एक फर्मान दगडावर कोरलेले सापडले असून, सागालासस नगराने दहा गाड्या आणि तितकीच खेचरे पुरवावीत, अशी मर्यादा त्यात घालून दिली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू डोंगरावरील प्रवचनात कोणी एक कोस नेऊ लागल्यास दोन कोस जाण्यास सांगतो, तेथे वापरलेले वेठीचे ग्रीक क्रियापदच शिमोनाच्या प्रसंगी पुन्हा येते.

ठाणे जिल्ह्याच्या वाचकाला वेठ म्हणजे काय हे समजावून देण्याची गरज पडू नये. मुंबई सरकारच्या सिमिंग्टन नामक अधिकाऱ्याने आदिवासींच्या स्थितीची चौकशी करून दिलेल्या, १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात वेठीची जास्तीत जास्त मजुरी दिवसाला एक आणा असल्याचे, आणि पुष्कळदा त्याऐवजी एका माणसाच्या एका जेवणापुरते तांदूळच हाती पडत असल्याचे नोंदले आहे. जमीनदाराचा माणूस दारात उभा राहिला की स्वतःच्या शेतातले काम टाकून वारली आदिवासीला निघावे लागे. १९४५च्या जानेवारीत कल्याणनजीक टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली, तीस उंबरगावकडचे काही वारली आले. आणि त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारोंच्या सभेत वेठ न करण्याचा निर्धार झाला, ही हकीकत गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथामुळे मराठी वाचकांस परिचित आहे. शेताकडून येणारा, काही अपराध नसलेला, हुकूम होताच दुसऱ्याचे ओझे उचलणारा मार्कचा शिमोन या माणसांच्या रांगेतला आहे.

योहानाने त्याला का वगळले? त्याच्या शुभवर्तमानातील येशू आपला प्राण आपण होऊन देतो, कोणी तो हिरावून घेत नाही; अशा स्वामीला ओझ्याचा वाटेकरी शोभला नसता. प्राचीन धर्माचार्यांनी योहानाच्या या चित्रात, यज्ञाची लाकडे स्वतः वाहून नेणाऱ्या इसहाकाची छाया पाहिली. आणखी एक तर्क असा की, क्रुसावर येशूऐवजी शिमोनच मेला अशी जी शिकवण दुसऱ्या शतकातील बासिलिदेस याची म्हणून इरेनियसने नोंदविली, तिच्यासारख्या मतांना योहानाने आधीच वाट बंद केली असावी. पण ती शिकवण योहानाच्या लेखनानंतरची असल्याने मला हा तर्क दुबळा वाटतो.

दोन कथनांची सांगड घालण्याची खटपट मात्र फार जुनी. तातियनने १७०च्या सुमारास चारही शुभवर्तमाने एकत्र विणून एकच कथा केली, आणि सिरियाई चर्चमध्ये ती पाचव्या शतकापर्यंत वाचली जात असे. तेथे ती मागे पडून चार ग्रंथ पुन्हा वेगळे झाले. ही सिरियाई परंपरा आपल्यालाही परकी नाही: सहाव्या शतकात कॉस्मास हा प्रवासी कल्लियाना येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे लिहितो. कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि १९८८ साली सिरो-मलबार चर्चसाठी स्थापन झालेला धर्मप्रांतही कल्याणचेच नाव धारण करतो. पश्चिमेकडे ऑगस्टिनने निकाल दिला तो असा की, आरंभी येशूने व पुढे शिमोनाने क्रूस वाहिला. दुसरे आणि पाचवे स्थान याच निकालाची चित्रे होत. आपल्या साष्टीच्या बोलीत फ्रान्सिस्कु व्हाज द गिमारॅइश याने रचलेले, १६५९ साली लिस्बन येथे छापले गेलेले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या उपवासकाळात गायिले जाणारे येशूच्या दुःखसहनाचे पुराणही आपल्या शीर्षकातच चारही शुभवर्तमानकारांचा हवाला देते.

ऑगस्टिनचा निकाल अशक्य नाही. तसे घडलेही असेल. माझी हरकत निराळी आहे. पाचव्या स्थानाचे शीर्षक बहुधा ‘शिमोन येशूला क्रूस वाहण्यास मदत करतो’ असे असते, आणि दोन्ही कथने सुखाने नांदावीत म्हणून केलेल्या या तडजोडीत सर्वांत मोठी झीज शिमोनाची होते. मदत हा शब्द तिघांपैकी एकानेही लिहिलेला नाही. धरून आणलेल्या माणसाला आपण स्वयंसेवक केले, त्याच्या मानेवरचा शिपायाचा हात चित्रातून पुसला, आणि मग त्याच्या पुण्याईवर प्रवचने केली. योहानाने त्याला सरळ गाळले, यात निदान त्याच्या वेठीचा विपर्यास तरी नाही. ही दोन स्थाने दोन साक्षीदारांच्या जबान्यांप्रमाणे अलग ठेवावीत आणि पाचव्या स्थानापुढे गुडघे टेकताना शिमोनाला जुलमानेच तेथे उभे केले होते, हे मोकळेपणाने म्हणावे, असे मला वाटते. त्याने भक्तीचे काही उणे होणार नाही.

मार्क त्याच्या मुलांची नावे देतो, ती बहुधा त्याच्या वाचकांच्या ओळखीची होती म्हणून. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस पौल एका रूफाला व त्याच्या आईला सलाम पाठवितो; तो हाच, असे ठामपणे म्हणता येत नाही. १९४१ साली यरुशलेमजवळच्या किद्रोन खोऱ्यात पुरातत्त्वज्ञ सुकेनिक यांना एका थडग्यात चुनखडीची अस्थिपेटी मिळाली, तिच्यावर शिमोनाचा पुत्र आलेक्सांद्र असे नाव ग्रीक अक्षरांत कोरलेले आहे, आणि झाकणावरील हिब्रू शब्द कुरेनेचा निर्देश करतो, असे अनेक अभ्यासकांचे वाचन आहे.