कोळंबीच्या मांसात उरणारे औषध

सन २००२ च्या सुमारास आशियातून गेलेल्या कोळंबीत युरोपच्या परीक्षकांना क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान या निषिद्ध प्रतिजैविकांचे अंश सापडू लागले, आणि भारतासह अनेक देशांच्या मालावर कडक तपासणीचा अंमल बसला. दाट वस्तीच्या तळ्यात एका कोळंबीला जडलेला रोग साऱ्या तळ्यात पसरतो, आणि हंगामाचे कर्ज डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याला खाद्यात औषध मिसळण्याचा मोह आवरत नाही. मोह समजण्यासारखा आहे, परंतु ज्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने या व्यवसायाची अपरिमित हानी केली तो विषाणुजन्य असून त्यावर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग होत नाही.

नायट्रोफ्युरानचे मूळ द्रव्य शरीरातून लवकर नाहीसे होते. पण त्याचे विघटित अंश मांसातील प्रथिनांना जखडून आठवडेच्या आठवडे राहतात व शिजविल्यानेही जात नाहीत, म्हणून प्रयोगशाळा मूळ औषधाचा नव्हे, तर या अवशेषांचा शोध घेते. क्लोरॅम्फेनिकॉलने क्वचित् एखाद्या मनुष्याच्या अस्थिमज्जेतील रक्तनिर्मितीच खुंटते, आणि हा अनर्थ मात्रेच्या प्रमाणात घडत नसल्याने त्याची निर्धोक मर्यादा ठरविणे अशक्य होते. युरोपने २००३ मध्ये किलोमागे ०.३ मायक्रोग्रॅम इतका अंश हुडकण्याची क्षमता प्रयोगशाळांकडून मागितली, ती याच कारणास्तव.

परवानगी असलेल्या औषधांचे गणित निराळे आहे. ऑक्सिटेट्रासायक्लिनसाठी आपल्याकडे किलोमागे ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा ठरलेली आहे, आणि शेवटच्या मात्रेनंतर ठराविक मुदत गेल्यावाचून मासा बाजारात आणावयाचा नसतो. मासा शीतरक्ताचा प्राणी असल्याने ही मुदत पाण्याच्या उष्णतेवर अवलंबून असते: युरोपात रूढ असलेल्या ५०० अंश-दिवसांच्या हिशोबाने २५ अंशांच्या पाण्यात २० दिवस पुरतात, तर १० अंशांच्या पाण्यात ५० दिवस थांबावे लागते.

१९७२ साली स्थापन झालेले सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण परदेशी जाणाऱ्या कोळंबीचा नमुना काढणीपूर्वीच तपासून दाखला देते. मात्र दादरच्या वा पुण्याच्या बाजारातील रोहूसाठी असा दाखला मागण्याची रीत नाही. परदेशी ग्राहकाच्या आरोग्याची जी खातरजमा आपण करतो, ती स्वदेशीयांची न करणे मला अन्यायाचे वाटते. ही तपासणी जाळे टाकण्यापूर्वीच झाली पाहिजे, कारण निकाल येईपर्यंत बर्फातला मासा अडवून धरणे कोणाही व्यापाऱ्यास परवडणारे नाही. आणि तळ्याकाठी नमुना घेण्याची पद्धत तर निर्यातीसाठी आजही चालू आहे.