छत्री कोणाकडून बसवावी?

पूर्वी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथे घराघरांवर उंच नळ्या दिसत. नळीच्या टोकाला अँटेना असे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याचा मनोरा वरळीला. आपला भाग तिथून लांब. म्हणून अँटेना उंच लावायचा आणि त्याचे तोंड मुंबईकडे करायचे.

आता ते दिवस गेले. आता कोणाकडे केबल असते, तर कोणाकडे डिश. डिशला आपण छत्री म्हणतो. छत्री मुंबईकडे पाहत नाही. ती आकाशातल्या उपग्रहाकडे पाहते. हा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचावर असतो. डीडी फ्री डिशची छत्री आपल्याकडे आग्नेय दिशेला तोंड करून बसवतात. तोंड जरासे फिरले, तरी चित्र जाते. म्हणून कारागीर जाणता हवा.

जाणता कारागीर कसा ओळखावा? तो आधी गच्चीवर जातो. समोर झाड किंवा उंच इमारत आड येते का, ते पाहतो. मगच भाव सांगतो. जागा न पाहता भाव सांगणाऱ्याला काम देऊ नका.

भाव ठरवताना तीन गोष्टी विचारा. सामानाचे किती? वायर किती मीटर लागेल, मीटरचा दर काय? मजुरी किती? हे सारे कागदावर लिहून घ्या. कंपनीचा माणूस म्हणून कोणी आला, तर ओळखपत्र पाहा. कंपनीच्या नंबरावर फोन करून खात्री करा. फ्री डिशला दरमहा पैसे लागत नाहीत. कोणी मागितले, तर देऊ नका.

आता छत्री कुठे ठोकायची? पाण्याच्या टाकीला बांधायची नाही. विजेच्या तारेजवळ तर मुळीच नाही. छत्री वाऱ्याने सुटली, तर खाली चालणाऱ्याच्या डोक्यात पडेल. मजबूत भिंतीला बोल्टने घट्ट बसवलेली बरी. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. माणसे दगावली. ते काही छत्रीमुळे झाले नव्हते. पण जुन्या स्लॅबला भोके पाडली, की पावसाचे पाणी मुरते. आतली सळई गंजते. गंजलेली सळई भार कशी पेलणार? तेव्हा स्लॅबला भोक पाडू देऊ नका. भिंतीत पाडलेले भोकही नीट बुजवून घ्या. सोसायटी असेल, तर आधी परवानगी घ्या.

वायर घरात येते तिथे तिला खाली झोल ठेवतात. म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता खालीच गळते. चांगला कारागीर हे न सांगता करतो. वीज कडकडत असताना तो गच्चीवर चढत नाही. तुम्हीही त्याला घाई करू नका.

काम झाले, की चार-पाच वाहिन्या लावून पाहा. मगच पैसे द्या, आणि पावती घ्या. पावतीवर दुकानाचे नाव, फोन आणि तारीख आहे ना? स्वतः वाचा. सही वाचल्यावर करा. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या नंबरावर फोन करा. पण तिथे पहिल्यांदा पावतीच विचारतील.

अक्षर ओळखणाऱ्या माणसाला लुबाडणे सोपे नसते. शिकलेली अक्षरे अशा वेळी कामाला लावा.