धुके आणि सुटीचा प्रवास

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की आमच्या तुकोगंजात घरोघरी प्रवासाची तयारी सुरू होते. कोणी पुण्याला आजोळी निघतो, कोणाकडे उत्तरेतून पाहुणे यायचे असतात. अशा वेळी हवामानाचा अंदाज कसा ऐकावा, याविषयी आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

काही वर्षांपूर्वी माझे वडीलबंधू व वहिनी नाताळसाठी कानपूरहून यावयाचे होते. इंदूरला हवा कोरडी व आकाश निरभ्र राहील, असा अंदाज ऐकून मी निश्चिंत झालो. २४ तारखेच्या सकाळची गाडी आली ती मध्यरात्र उलटल्यावर. त्या रात्री उपासनेच्या वेळी आमच्या बाकावर दोन जागा रिकाम्या होत्या, आणि वृद्ध आई वारंवार दाराकडे वळून पाहत होती. अंदाज मुळीच चुकला नव्हता. मी तो भलत्या गावाचा ऐकला होता!

धुके म्हणजे जमिनीला टेकलेला ढग. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. वारा पडलेला असला आणि हवेत ओलावा असला, म्हणजे जमिनीलगतची बाष्पे गोठून नव्हे, तर निवून सूक्ष्म जलकण बनतात. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ उत्तर भारतात पाऊस व ओलावा आणतात. ते पुढे सरकले की आकाश उघडते व थंडी वाढते. नद्याकालव्यांच्या, भिजलेल्या शेतांच्या गंगेच्या मैदानात मग धुक्याला काय उणे? माळव्याचे पठार त्या मानाने कोरडे. तरीही मावठा पडून गेल्यावर येथेही पहाट धुकट होते.

एक हजार मीटरपलीकडचे दिसेनासे झाले की हवामानशास्त्र त्यास धुके म्हणते. दृश्यता २०० मीटरच्या खाली गेली की ते दाट, आणि ५० मीटरच्या खाली गेली की अतिदाट. अशा धुक्यात इंजिनचालकास सिग्नल दुरून दिसत नाही. म्हणून सिग्नलाच्या अलीकडे रुळांवर फटाके लावण्याची पद्धत आहे. चाकाखाली त्यांचा आवाज झाला की तो सावध होतो. वेग अर्थातच कमी ठेवावा लागतो, आणि तो विलंब पुढील प्रत्येक स्थानकावर पोहोचतो. मालवा एक्सप्रेस कटऱ्याहून पंजाब, दिल्ली, आग्रा ओलांडून इंदुरास येते. तेव्हा तिची वाट पाहणाऱ्याने अंबाल्याचे व आग्र्याचे आकाशही विचारात घ्यावे.

१८७५ साली स्थापन झालेले आपले हवामानखाते आता इशारे रंगांनी देते: हिरवा म्हणजे चिंता नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, आणि तांबडा म्हणजे तत्काळ उपाय करा. पाच दिवस आधीच्या अंदाजाने बेत आखावा. परंतु निघण्याच्या आदल्या रात्री तो पुन्हा पाहावा. गाडीची स्थिती १३९ क्रमांकावर विचारता येते. एक गाडी सोडून दुसरी धरावयाची असेल, तर मध्ये भरपूर अवकाश ठेवावा. वृद्ध व मुले बरोबर असल्यास पांघरूण, औषधे व थोडा फराळ हाताशीच असू द्यावा.

घरी वाट पाहणाऱ्यांनाही हे आधीच सांगून ठेवावे. उशीर टाळणे आपल्या हाती नसते. दाराकडे लागलेल्या डोळ्यांची काळजी मात्र आपण हलकी करू शकतो.