सनदेवाचून तगलेला कसबा

लंडनहून बाथ या जुन्या स्नाननगरीकडे जाणारा राजरस्ता सुमारे साठ मैल कापून बर्कशायर परगण्याच्या पश्चिम सरहद्दीशी येतो, तेथे केनेट नदीच्या काठी हंगरफर्ड नावाचा एक लहानसा बाजाराचा कसबा आहे. वस्ती जेमतेम सहा हजारांच्या आसपास, एकच रुंद पेठ, तिच्या दोन्ही अंगांना बहुतेक विटांची घरे, पेठेवरून आडवा गेलेला रेल्वेचा पूल आणि दर बुधवारी भरणारा बाजार एवढेच पाहून परतणाऱ्यास इंग्लंडातील इतर बाजारगावांहून येथे निराळे काही जाणवू नये. कारण या गावाचे निराळेपण इमारतींत नसून त्याच्या वहिवाटीत आहे.

आपल्याकडे पेशवाईत नवी पेठ वसवायची झाली, म्हणजे सरकारातून कौल मिळे, प्रारंभीच्या काही वर्षांची जकात माफ होई, आणि पेठ भरभराटीस आणण्याची जबाबदारी शेटे-महाजनांवर सोपविली जाई. मध्ययुगीन इंग्लंडात बाजार वसविण्याची रीत याहून फार दूरची नव्हती. जहागीरदार रस्त्याच्या दुतर्फा अरुंद तोंडाच्या पण मागे लांबवर गेलेल्या जमिनीच्या पट्ट्या पाडी आणि ठराविक रोख खंडावर त्या व्यापाऱ्यांना व कारागिरांना देई; हंगरफर्डच्या घरांमागील लांबोळी परसे त्या आखणीची साक्ष अद्याप देतात.

चौदाव्या शतकात ही जहागीर तिसऱ्या एडवर्ड राजाचा पुत्र जॉन ऑफ गाँट याच्याकडे आली. त्याने केनेट नदीत मासे धरण्याचा व गावच्या माळावर गुरे चारण्याचा हक्क रहिवाशांना बहाल केला आणि त्याची निशाणी म्हणून एक पितळी शिंग दिले, अशी परंपरा आहे. खडूच्या टेकड्यांतून झिरपून येणाऱ्या केनेटच्या निर्मळ पाण्यात ट्राउट मासा उत्तम पोसतो, त्यामुळे हा हक्क केवळ मानाचा नव्हता, चांगला मोलाचा होता. आणि मोलाच्या वस्तूवर जसा तंटा व्हावा तसा तो झालाही. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत, ही जहागीर ज्यात मोडे त्या लँकेस्टर संस्थानाच्या अंमलदारांनी या मासेमारीस हरकत घेतली, तेव्हा या हक्काची आपली सनद चोरीस गेली असल्याचे गावकऱ्यांचे म्हणणे पडले. कागद नाही, पण पिढ्यान्‌पिढ्यांचा उपभोग आहे, अशा दाव्याचे पुढे काय होते हे आपल्या दिवाणी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविलेल्यांस सांगावयास नको! हंगरफर्डकर मात्र नेटाने टिकून राहिले. सतराव्या शतकाच्या आरंभी जहागिरीच गावातील विश्वस्तांच्या हाती आली, आणि तेव्हापासून पाटील तेच आणि रयतही तेच, अशी तेथील स्थिती झाली. १९०८ पासून हा सारा कारभार एका धर्मादाय संस्थेच्या रूपाने चालतो.

हक्क जिवंत ठेवण्याचा दिवस म्हणजे ईस्टरनंतरचा दुसरा मंगळवार, ज्याला ‘हॉकटाइड’चा मंगळवार म्हणतात. सकाळी नगरभवनाच्या सज्जातून शिंग फुंकले जाते, दवंडी पिटली जाते, आणि पेठेतील ज्या घरांना हे हक्क जोडलेले आहेत त्यांचे रहिवासी सभेस जमतात. जो येत नाही त्याने एक पेनी भरली नाही, तर त्या वर्षापुरता त्याचा हक्क धोक्यात येतो. सभेत कॉन्स्टेबल, पोर्टरीव्ह, बेलिफ, नदीचे राखणदार, माळाचे देखरेखे, इतकेच नव्हे तर एल या मद्याची प्रत चाखून पाहणारे परीक्षकही नेमले जातात. या शेवटच्या पदास उमेदवारांची वाण पडत नसावी. सभा चालू असता फुलांनी व फितींनी सजविलेल्या उंच काठ्या घेतलेले दोन ‘टटी-मेन’ घरोघर फिरतात, पेनीच्या जोडीला घरातील स्त्रियांकडून चुंबनाचा कर वसूल करतात आणि मोबदल्यात संत्रे देतात. कर-वसुलीची याहून प्रसन्न पद्धती कोणत्याही खात्यास साधलेली नसावी, तथापि आजच्या काळी देणारीची राजीखुशी हीच तिची पहिली अट होय.

मोठा इतिहासही या गावातून गेलाच. डिसेंबर १६८८ मध्ये ऑरेंजचा विल्यम येथील ‘बेअर’ खाणावळीत उतरला असता राजा दुसऱ्या जेम्सचे वकील हॅलिफॅक्स, नॉटिंगहॅम व गोडॉल्फिन त्याच्याशी बोलणी करण्यास आले; त्या महिन्यातच जेम्सने देश सोडला. घोडागाड्यांच्या वाहतुकीने गावाला बरकत दिली, १८१० मध्ये पुरा झालेल्या कालव्याने मालाची ने-आण सोपी केली, आणि १८४७ मध्ये आलेल्या रेल्वेने घोडागाड्या मोडीत काढल्या. १९८७ च्या ऑगस्टमध्ये एका बंदूकधाऱ्याने येथे १६ जणांचा बळी घेतला, आणि त्यानंतर इंग्लंडातील शस्त्रकायदा कडक झाला. वृत्तपत्रांच्या स्मरणात गावाचे नाव त्या एका दिवसाशी जखडले गेले, हा त्याच्यावर अन्यायच म्हणावा लागेल.

गावाची खरी ओळख त्याची जुनी वहिवाटच आहे. पेठेतले हक्काचे घर घेणारा परका माणूस नदीचा आणि माळाचा वाटेकरी होतो. पण त्याआधी हॉकटाइडच्या भोजनानंतर त्याला शिंगरू मानून धरतात, पाय वर उचलतात आणि बुटाच्या तळव्याशी नाल ठोकू लागतात; ‘पंच!’ असे ओरडून त्या नावाच्या पेयाचा खर्च सोसण्याचे त्याने कबूल केले, की मगच हातोडा थांबतो.